दुसरा हत्ती

"बुद्धिबळ नको," दमयंती म्हणाली. "मुक्ता पाचच वर्षांची आहे. कॅरमनं आईंचं मनगट दुखतं. व्यापार तर संपता संपत नाही. घरातल्या सगळ्यांना एकत्र खेळता येईल, असं काहीतरी दाखवा."

गुलमंडीवरच्या त्या दुकानात शनिवारची गर्दी होती. दुकानदार पुंजारामनं तिच्या मागं उभ्या असलेल्या सासूबाईंकडं, लक्ष्मीबाईंकडं, एकदा पाहिलं आणि वाकून खालून एक खोका काढला. झाकणावर सोंड उचललेला हत्ती होता.

"जोड्या लावायचा खेळ आहे, वहिनी. पटावर चित्रं पालथी मांडायची. एका वेळी दोन उलटायची. सारखी निघाली की आपली. कुठं काय होतं ते ध्यानात ठेवायचं, बस्स."

ध्यानात ठेवायचं. दमयंतीला नेमकं हेच हवं होतं.

"यात मोर पण आहे," मुक्ता म्हणाली. "आणि कासव."

खोका अजून उघडलाही नव्हता. पोरीची नजर भारी आहे, दमयंतीच्या मनात आलं. झाकणावरच कुठंतरी बारीक चित्रं असतील.

"घे बाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "चांगला हाय."

श्रावणात दमयंती मेंदूत गेलेल्या तापानं पंधरा दिवस दवाखान्यात होती. तेव्हा लक्ष्मीबाई सोयगावहून आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. आता दिवाळी होऊन गेली. पुढच्या महिन्यात दमयंतीला कॉलेजात शिकवायला जायचं होतं. मागं मुक्ताजवळ घरी लक्ष्मीबाईच राहणार. आणि त्यांचा भरवसा उरला नव्हता.

परवा गॅस उघडा राहिला. सिडकोच्या त्या दोन खोल्यांत वास भरला. तिचा नवरा हेमचंद्र धावत आत आला, तर लक्ष्मीबाई लगेच म्हणाल्या, "माझ्याच हातून राह्यला असंल." त्याआधी मुक्ता शाळेच्या फाटकाशी तासभर रडत उभी होती. तेव्हाही तेच. "मीच इसरले बाई. म्हातारपण." आणि वर हसणं. त्यांना घरात एकटं राहणंसुद्धा जमेनासं झालं होतं. दमयंती कोथिंबीर आणायला निघाली तरी पायात चपला घालून मागं हजर.

हेमचंद्रला सांगून उपयोग नव्हता. "आई इथंच राहील," एवढंच म्हणून तो उठून जायचा. म्हणून त्यानं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं होतं.

संध्याकाळी चौघं सतरंजीवर बसली. मुक्तानं पट मांडला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालातला," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मला कशाचे आठवतेत हत्ती न् घोडे?"

"आजी, तू रडी आहेस."

"व्हय गं. लई रडी."

खेळ सुरू झाला. "आता हेमचंद्र," लक्ष्मीबाई मोठ्यानं म्हणत. "आता दमयंती." प्रत्येक पाळीला. आपलं आपल्याला आठवावं म्हणून बोलतात, दमयंतीनं ताडलं.

लक्ष्मीबाईंनी उंट उलटला, मग पोपट. पुढच्या पाळीला पुन्हा तोच उंट आणि तोच पोपट. दमयंतीनं झटकन हेमचंद्रकडं पाहिलं. तो तिच्याकडंच पाहत होता.

दमयंतीनं हत्ती उलटला. दुसरा तिनं आत्ताच पाहिला होता, खिडकीकडच्या कोपऱ्यात. कोपऱ्यातलं चित्र उलटलं. कासव. पुढच्या पाळीला पुन्हा हत्ती, पुन्हा तो कोपरा. कासव.

कोपऱ्याला लागूनच लक्ष्मीबाईंचा गुडघा होता.

"आई, जरा पदर आवरून बसा. चित्रं सरकतात."

"सरकली असतील बाई," म्हणत लक्ष्मीबाईंनी पदर गोळा केला.

"पण हत्ती तर—" मुक्ता बोलायला गेली. हेमचंद्रनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

शेवटी लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात एकही जोडी नव्हती. दमयंतीच्या पुढ्यात एक होती, तीही मुक्तानं लाडानं दिलेली. पण चित्रं जागेवर राहिली नाहीत, तर कोण काय करणार?

स्वयंपाकघरात तिनं हळू आवाजात विचारलं, "बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग मुक्ताला दिवसभर कुणाच्या भरवशावर टाकायची? मला भीती वाटते हो."

हेमचंद्रनं ठिबकणारा नळ घट्ट बंद केला. म्हणाला, "मलाही वाटते."

तिला एकदम हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी तो तिच्या बाजूनं बोलला होता.

ती बाहेर आली. लक्ष्मीबाईंच्या सोयगावच्या घरात साधी वाटी आली तरी नाव-तारीख घातल्याशिवाय फडताळात जात नसे. ती सवय दमयंतीलाही लागली होती. तिनं निळा पेन घेतला, झाकणाच्या कोपऱ्यात आपलं नाव घातलं, खाली तारीख.

"आण इकडं," लक्ष्मीबाईंनी हात पुढं केला. "मी ठिवते."

"तुम्ही ठेवलात तर पुन्हा सापडायचा नाही."

लक्ष्मीबाईंचा हात तसाच राहिला.

"दमयंती," हेमचंद्र दारातून म्हणाला, "राहू दे. मी ठेवतो."

तोवर तिनं कपाट उघडलं होतं. जागा करायला तिनं खालच्या कप्प्यातल्या गोधड्या बाजूला सारल्या.

मागं सात खोके एकावर एक रचलेले होते. सातही झाकणांवर सोंड उचललेला हत्ती, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत एक तारीख. मागचा शनिवार. त्याच्या मागचा. त्याच्याही मागचा. प्रत्येक तारखेच्या वर तिचं नाव होतं, आणि अक्षरही तिचंच होतं.