सासूबाईंचं जेवण

सासूबाईंनी तिसऱ्यांदा सूप मागवलं, तेव्हा सुनेने मान वर करून वेळ पाहिली.

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला होता. खानावळीमागच्या गल्लीच्या टोकाला बसथांबा होता आणि दोनच्या बसमधून तिची बहीण येणार होती. बहीण खाली उतरणार नव्हती. बसच्या दारात उभी राहून हात पुढे करणार होती, इतकंच ठरलं होतं. तेही शेजारणीच्या फोनवरून, कुजबुजत. सुनेचा स्वतःचा फोन नेहमी नवऱ्याच्या खिशात असायचा. आत्ताही तिथेच होता.

डोळे दाखवायला सासूबाईंना अधूनमधून मोठ्या शहरात न्यावं लागे आणि परतीच्या वाटेवर तिघं याच खानावळीत जेवत. सहा-सात टेबलं, खिडकीत कुंड्या, गिऱ्हाइकं बहुतेक आसपासचीच. सगळे निवांत. जेवण झाल्यावरही गप्पा मारत बसणारे. मालक नवऱ्याला चांगला ओळखायचा. नवरा त्याच्याशी हसून बोलायचा, वाढप्याला 'दादा' म्हणायचा, शेजारच्या टेबलावरच्या पोरीचा गालगुच्चा घ्यायचा. गोगलगाय आणि पोटात पाय. ते पाय फक्त घरात बाहेर निघत. भर उन्हाळ्यात सुनेने मनगटापर्यंत बाह्यांचे कपडे घातले होते, ते उगाच नव्हे.

या घराचा एक नियम होता. आईचं जेवण संपेपर्यंत ताटावरून कुणी उठायचं नाही. नियम सासऱ्यांनी घालून दिलेला. त्यांनी बायकोला जन्मभरात दिलेला मान तेवढाच. ते गेले, पण मुलाने नियम पाळला आणि तो पाळतो हे चारचौघांत सांगितलंही. मालकाला तर हे तोंडपाठ होतं.

सुनेचा सगळा बेत या नियमावर उभा होता. सासूबाईंचं जेवण म्हणजे चिमणीचं. चार घास, घोटभर पाणी, झालं. मग नवरा गल्ल्यापाशी मालकाशी गप्पा छाटत उभा राही. सासूबाई हात धुऊन येत, मग सून मागे जाई. तेवढीच फट होती. त्या फटीतून ती निसटणार होती.

आणि आज सासूबाई जेवत सुटल्या होत्या.

पावाचा तुकडा तोडायचा. तो सुपात बुडवायचा. तो भिजेपर्यंत खिडकीबाहेर बघायचं. मग तो सावकाश चघळायचा.

"आई, आज भूक लागलेली दिसते," नवरा कौतुकाने म्हणाला.

"लागलीय खरी."

घड्याळाचा काटा पुढे सरकला. बस कुणासाठी थांबणार नव्हती. दुसरी सकाळी होती, आणि सकाळी ती पुन्हा त्या घरात, कडी लावलेल्या दारामागे असणार होती.

"अहो, मळमळतंय मला. तोंड धुऊन येऊ?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. टेबलाखाली मात्र त्याने तिचं मनगट धरलं आणि दुखतं तिथेच दाबलं. "आईचं होऊ दे. सगळे एकदम उठू."

सासूबाईंनी वर पाहिलं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना नको तेवढं दिसू लागलं होतं. त्यांची नजर सुनेच्या बाहीवर गेली, तिथून खाली, टेबलाबाहेर आलेल्या पायांवर. प्रवासाला कायम चपला घालणारी सून आज बूट घालून आली होती. नाड्या घट्ट बांधल्या होत्या. दुहेरी गाठ.

सुनेने पाय खुर्चीखाली ओढले, पण उशीर झाला होता. म्हातारीला कळलं होतं. आता ती मुलाच्या कानात सांगेल, गाडीत बसल्यावर किंवा त्याच्याही आधी. ती त्याची आई होती, आणखी काय करणार? घरी पोचल्यावर काय होईल ते सुनेला ठाऊक होतं. तिला मरणाची भीती वाटली, अगदी शब्दशः.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"तोंड पांढरंफटक पडलंय तुझं. जा, धुऊन ये. बेसिनच्या पुढे मागचं दार आहे, उघडंच आहे. मघाशी बघितलं मी. वारं लागलं की बरं वाटेल."

नवऱ्याची खुर्ची करकरली. "चल, मी येतो."

"तू बस. माझं जेवण व्हायचंय."

"अगं आई, दोन मिनिटांत—"

"तुझ्या वडिलांचा नियम आहे. मोडायचा असेल तर मोड बाबा, सगळ्यांसमोर."

मालक तेवढ्यात टेबलापाशी आला होता. त्याने मान डोलावली. "आजी, असा मुलगा शोधून सापडायचा नाही."

नवरा पुन्हा हसला. बसला.

सून उठली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या पाव तोडत होत्या. ती बेसिनपाशी आली. दार खरंच उघडं होतं. गल्लीच्या टोकाला बस येऊन उभी होती, दारात एक हात दिसत होता.

तिचा पाय उंबऱ्यावर अडला. हा सापळा असेल तर? म्हातारीला तिला रंगेहाथ पकडून द्यायचं असेल तर? ती बाहेर पाऊल टाकेल आणि आतून हाक येईल, पळतेय बघ रे तुझी बायको. तिने मागे कान दिला.

"आजी, सूप संपलं बघा," आतून मालकाचा आवाज आला. "आता फक्त मासा उरलाय. पण काटे फार त्याला. निवडून खायला लई वेळ लागतो."

"मग दोन आणा," सासूबाई म्हणाल्या.