मुंगीचे आठ कप

"आठ कप, बाबा. पाच वाजेपर्यंत आठ कप पोटात गेलेच पाहिजेत. नाहीतर डॉक्टर म्हणालेत, सरळ ॲडमिट करा, सलाईन लावू."

लेक पायात चपला सरकवत बोलत होती. शाळेची घंटा व्हायला वीस मिनिटं होती आणि पहिलाच तास तिचा होता. आजोबांनी कडेवरच्या नातीकडे पाहिलं. सव्वादोन वर्षांची पोर. घरभर तुरुतुरु फिरते म्हणून नाव पडलं मुंगी. मनगट केवढं, तर आजोबांच्या अंगठ्याएवढं. त्यात सुई टोचणार?

"आणि हे बघा, ती एकटी पीत नाही," लेक म्हणाली. "समोरचा प्यायला की मगच पिते. नुसता ओठाला पेला लावलात तर लगेच ओळखते."

तिने फ्रिजवर कागद चिकटवला होता. वर दोन रकाने, एक मुंगीचा, एक आजोबांचा.

"माझा कशाला?"

"तुम्ही तिला फसवलं नाहीत हे मला कळायला नको?"

"मी फसवीन होय?"

"छे! तुम्ही आणि फसवणार!" लेक हसली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

आता पंचाईत अशी, की आजोबांचं आणि पाण्याचं कधी जमलंच नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली. मागे पन्नास माणसं बसलेली असताना ड्रायव्हरने लघवीला म्हणून गाडी थांबवायची, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. गाडी सुटण्याआधी अर्धा कप चहा, मग एकदम शेवटच्या स्टँडवर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सवय गेली नाही. बायको होती तोवर ती ओरडायची, मग लेक ओरडू लागली, परवा डॉक्टरही तेच बोलले. ह्या डॉक्टर लोकांना पाणी प्या म्हणायला काय जातं!

पहिला कप घेऊन ते मुंगीसमोर मांडी घालून बसले. मुंगीने ओठ घट्ट मिटले आणि बोट दाखवलं.

"आजोबा पण."

आजोबांनी पेल्यातला एक घोट घेतला.

"भलून!"

"भरून? अगं, मी म्हातारा माणूस…"

"भलून!"

झाला नाइलाज. त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि नाक दाबून रिकामा केला. तेव्हा कुठे बाईसाहेबांनी आपला कप तोंडाला लावला, गटागटा प्याल्या आणि आजोबांच्या सदऱ्याला तोंड पुसलं. कागदावर दोन खुणा झाल्या.

दुसऱ्या कपाला त्यांनी खुर्च्यांची बस केली. मुंगी कंडक्टर. पाणी प्यायल्याशिवाय ती कुणाला तिकीट देईना, आणि प्रवासी तर एकटे आजोबाच! तिसऱ्याला फळांचा रस, चौथ्याला पातळ सूप. मधेच ड्रायव्हरसाहेबांना बाथरूमकडे धावावं लागलं. कंडक्टरने बाहेरून दार बडवलं.

"आजोबा, गाडी लेत!"

बत्तीस वर्षांत त्यांची गाडी कधी लेट झाली नव्हती. आतल्या आत ते इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी मुंगी झोपली. आजोबांनी कागद पाहिला. दीड वाजला होता आणि मुंगीच्या खुणा चारच! त्यांचं धाबं दणाणलं. उशीशेजारी तिची मूठ उघडी पडली होती. त्यांनी ती हळूच आपल्या हातात घेतली. फार जीव होता त्यांचा ह्या पोरीवर. बायको गेली तेव्हा घरात बोलायला कुणी उरलं नाही असं वाटलं होतं. मग ही आली आणि दिवसभर तोंड मिटेना. तिला सुई टोचताना बघणं आपल्याच्याने होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झोपेतून उठली ती कुरकुरतच. कप भिरकावला, पाणी सतरंजीवर. गोष्ट नको, बस नको, काही नको.

"बरं बाई, आधी मी," आजोबा म्हणाले आणि एका दमात पेला संपवला. मुंगी रडायची थांबली. त्यांनी दुसराही रिकामा केला. आता ती टाळ्या वाजवू लागली.

"अजून!"

"आधी तुझा कप, मग अजून."

ही युक्ती चालली. पाचवा गेला, सहावा गेला. सातव्याच्या वेळी आजोबांचं पोट तट्ट फुगलं होतं, तरी ते हटले नाहीत. पाचाला दहा कमी असताना मुंगीची आठवी खूण झाली आणि त्यांनी मुंगीला उचलून घरभर नाचवलं. पोरगी पण कशी टवटवीत दिसत होती! आजाराचं नावसुद्धा नाही. शेवटी पाण्याचा गुण तो, त्यांनी मनाशी कबूल केलं.

लेक आली ती पर्स न ठेवताच फ्रिजपाशी गेली. कागद पाहिला, दोन्ही रकान्यांतल्या खुणा पुन्हा एकदा मोजल्या. मग वळून तिने बापाला घट्ट मिठी मारली.

"अगं, मला काय? शाबासकी हिला दे," आजोबा म्हणाले. "आता सलाईन नाही ना लावणार?"

"नाही बहुतेक. विचारते."

"विचार, विचार. मी आलोच." आणि ते आठव्यांदा बाथरूमकडे धावले.

दाराची कडी लागल्याचं ऐकून लेक स्वयंपाकघरात गेली, फोन लावला आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टर, दहा पेले झाले! एकदाही कटकट केली नाही… छे हो, पोरगी ठणठणीत आहे, तिचं नुसतं नाव पुढे केलं. बाबांना उद्या ॲडमिट करावं लागणार नाही ना आता?"