विहिणीसाठी गुळाचा चहा

"विहीणबाई, आमच्यासारखा गुळाचा चहा पंचक्रोशीत मिळायचा नाही," असं ठणकावून मी स्वयंपाकघरात आले आणि बोलण्याच्या नादात उकळत्या दुधाच्या चहातच गूळ टाकला. चहा फाटला!

नव्या सुनेची आई पहिल्यांदाच घरी आलेली. महिनाभर मी तिच्या लेकीला टोचत होते, "साधा चहासुद्धा आईनं शिकवला नाही का गं?" आता तीच आई बाहेर चहाची वाट बघत होती आणि घरात थेंबभर दूध उरलं नव्हतं.

सुनेनं पातेल्यात डोकावलं. वाटलं, आता ही बाहेर जाऊन माझं नाक कापणार. पण तिनं दुसरं आधण ठेवलं, पत्ती, गूळ, गवती चहाची पात टाकली, वर लिंबू पिळलं आणि कप बाहेर नेले.

"आई, हा आमच्या सासूबाईंचा खास चहा. दुधानं चव मरते म्हणतात."

विहीण दोन कप प्यायली. "कसा करता हो?"

"सुनेला शिकवलाय, तिलाच विचारा," मी म्हटलं आणि कान देऊन सगळं नीट ऐकून घेतलं.