अजून नक्की नाही

तिसऱ्या आयव्हीएफनंतर स्वरदाला दिवस गेल्याचं रक्ताच्या तपासणीत कळलं, पण सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं दिसलं. “गर्भ नळीतही असू शकतो,” डॉक्टर म्हणाल्या, “दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासू, सोनोग्राफीही करू. पोटात दुखलं तर लगेच या.” दुसऱ्याच दिवशी पुरानी बस्तीतल्या सासरच्या घरी नणंदेचं, ओवीचं, डोहाळजेवण होतं. स्वरदा नारळ घेऊन ओटी भरायला उठली, तशी सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. “तू नको भरू. तुझंच अजून नक्की नाही.” “नक्की नाही म्हणजे नाहीच, असं नाही आई.” ओवीने पदर पसरला. स्वरदाने ओटी भरली. तेवढ्यात मावससासूंनी विचारलं, “काय सूनबाई, तुझ्याकडे काही गोड बातमी?” “कुठं काय,” सासूबाई घाईने म्हणाल्या. “आहे,” स्वरदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “कुठं रुजलंय ते उद्या कळेल. तोवर मले भूक लागून राहिली. वाढा.”