खिळ्यावर एक बिल्ला

संग्रहालयाच्या तळघराच्या पायऱ्या उतरताना वच्छलाने कठड्याला हात लावला नाही.

वर गोंड राजांची नाणी होती, तोफ होती, हत्तीवर चढलेला दगडी सिंह होता, चांद्याच्या परकोटाचा भिंतभर नकाशा होता. ती सगळ्यांसमोरून सरळ चालत आली. मागून मुखरू धापा टाकत होता.

"बाई, जरा दम घ्या. राजे कुठी पळून नाई चालले."

"मले राजे नाई पाह्याचे."

फलक : कोळसा खाण. भूगर्भातील एक दिवस. कृपया स्पर्श करू नये.

छत मुद्दाम ठेंगणं. थर्माकोल काळा रंगवून कोळसा केलेला. सागाचे टेकू. प्लास्टरची तीन माणसं, नाक कुणाचंच नीट जमलेलं नाही.

"खाली असं दिसते?" तिने विचारलं.

"खाली काहीच दिसत नाई," मुखरू म्हणाला.

कोपऱ्यात बत्तीघराची खिडकी होती. ती मात्र खरी. बंद पडलेल्या खाणीतून जाळीसकट उचलून आणलेली. म्हातारा होईपर्यंत मुखरू याच जाळीमागे बसून मजुरांना बत्त्या देत होता. खिडकीशेजारी फळी, फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्यावर आकडा कोरलेला पितळी बिल्ला. चिंचेने घासून लखलखीत केलेला.

फलक : मजुरांचे बिल्ले. पितळ.

शिडीवरून एक तरुण उतरला. प्रफुल. हे दालन त्याने मांडलं होतं. उद्या उद्घाटन होतं, आणि बोटांना रंग तसाच होता.

"कसं वाटते, बाबाजी? खाण बंद झाली तवा हापिसात पोतंभर बिल्ले पडून होते. सारे टांगले. एक खिळा रिकामा नाई ठेवला."

"सारेच खाली पाठवले तू."

"म्हणजे?"

"माणूस खाली जाते, तवा बिल्ला मले देते अन् बत्ती नेते. बिल्ला खिळ्यावर. वर आला की बत्ती मले, बिल्ला त्याच्या खिशात. घरी घेऊन जाते तो." मुखरूने फळीकडे बोट केलं. "खिळ्यावर बिल्ला, म्हणजे माणूस खाली हाय."

वच्छलाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती एकेका बिल्ल्याखाली बोट फिरवत होती. तिला शाळा माहीत नव्हती. एकच आकडा ओळखता यायचा, १४७. नवऱ्याचा सदरा धुवायला टाकण्याआधी रोज खिशातून तो बिल्ला काढून चुलीच्या वर ठेवायची.

बोट थांबलं.

"मुखरूभाऊ. हा पाहा."

मुखरूने चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मनसारामचाच."

"सांगा या पोराले, खाणीचे साहेब काय म्हणत होते."

"मनसाराम त्या दिवशी खाली गेलाच नाई, म्हणत होते," मुखरू म्हणाला. "खाणीत पाणी घुसलं तवा तो पाळीवर नव्हता म्हणे. पळून गेला म्हणे, बाई ठेवली असन कुठी. म्या सांगतलं, माझ्या हातून बत्ती नेली त्यानं. खिळा पाहाले गेलो, तर खिळा रिकामा. कोणी काढला, देव जाणे."

"इतकी वर्षं मी पळालेल्याची बायको," वच्छला म्हणाली. "कुंकू लावलं तरी बाया हसते, पुसलं तरी हसते. तू सांग, बाप्पा. खाण बंद झाली तवा बाकीच्यांनी आपापला बिल्ला जमा केला. माझा माणूस पळून गेला असता, तर त्याचा बिल्ला कुठी असता?"

प्रफुलने कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्याकडे पाहिलं.

"खिशात," तो म्हणाला. "त्याच्याच."

तिने पदर खोचून ओटी केली आणि पहिला बिल्ला काढला. ओटीत टाकला. दुसरा काढला.

पहारेकरी धावत आला. "ओ बाई! हात नाई लावाचा. पाटी वाचता येत नाई का?"

"नाई येत."

तिसरा.

"हा दसरू," मुखरू मागून सांगू लागला. "आला वर. माजरीले लेकीकडं रायते. हा कोलू. आला वर. पेन्शन घेते अन् मले शिव्या देते. हा नथ्थू. वर आला, मंग गावात तापानं गेला. पण वर आला होता."

"प्रफुलभाऊ, सांगा ना यायले," पहारेकरी म्हणाला. "तुमचंच काम बिघडवून राह्यले."

वरच्या ओळीला वच्छलाचा हात पुरत नव्हता. प्रफुलने शिडी तिच्याकडे सरकवली आणि खालून धरली.

फलक : (उलटा करून ठेवला आहे.)

ती उतरली तेव्हा ओटी जड झाली होती, चालताना वाजत होती. फळीवर नुसते खिळे. मधोमध एक बिल्ला.

पाच वाजले. पहारेकऱ्याने बटणावर हात ठेवला. "झालं ना मनासारखं? चला आता. बत्ती बंद करतो."

"बत्तीघर बंद नाई होत," वच्छला म्हणाली. "बिल्ला हाय खिळ्यावर."

"अवो, सकाळी मोठे मोठे लोक येऊन राह्यले इथी."

"येऊ द्या. त्यायले बी पाहू द्या."

ती फळीखाली भिंतीला टेकून बसली. पहारेकऱ्याने प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल शिडी धरूनच उभा होता. मग पहारेकऱ्याने मुखरूकडे पाहिलं.

मुखरू जाळीमागे गेला. दुपट्ट्याने स्टुलावरची धूळ झटकली आणि पाळीवर बसला.