खाणीवरचा उजेड

“परत सांग,” मेजर म्हणाला.

ठकीनं परत सांगितलं. गोल होतं, बसएवढं. आवाज अजिबात नव्हता. आकाशातून जुन्या दगडखाणीवर येऊन थांबलं आणि तसंच सरळ खाली गेलं. परत वर आलं नाही.

“काल म्हणालीस, उजेड निळा होता.”

“काल पण हिरवाच म्हणाले होते. तुमच्या हवालदारांनी निळा ऐकला असेल.”

कोपऱ्यातला हवालदार बुटांकडे बघायला लागला.

चौकशीसाठी शाळेची प्रयोगशाळा रिकामी केली होती. तिथं अजून गॅसचा वास येत होता. ठकीची आत्या स्टुलावर अवघडून बसली होती. दोघी मिळून शिवणकामाचं दुकान चालवायच्या. आज ते बंद होतं.

“घरी अजून कोण असतं?”

“कोणी नाही. मी आणि आत्या.”

“हे सगळं बोलायला तुला कुणी शिकवलं?”

“शिकवलेलं लक्षात राहिलं असतं, तर याच शाळेत दोनदा नापास झाले नसते.”

मेजर हसला नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून तो तिच्याकडे वाकला. “चेष्टा असेल तर आत्ताच सांग. उद्या खोटं निघालं, तर दोघींनाही आत टाकीन.”

“अगं, म्हण की भास झाला!” आत्या कळवळून म्हणाली. “कशाला नसती ब्याद?”

“दिसलं ते दिसलं, आत्या.”

आत्यानं कपाळावर हात मारला. “साहेब, हिला खोटं बोलताच येत नाही, हीच तर पंचाईत आहे. गिऱ्हाइकालासुद्धा तोंडावर सांगते, हा रंग तुम्हाला शोभत नाही म्हणून.”

मेजर बराच वेळ ठकीच्या डोळ्यांत बघत राहिला. तिनं नजर हलवली नाही. शेवटी तो सरळ उभा राहिला.

“अंधार पडायच्या आत खाणीला वेढा घाला,” तो हवालदाराला म्हणाला. “असतील नसतील ती सगळी माणसं लावा. पुलावरची पण काढा.”

“पुलावर कुणीच नको, साहेब?”

“पूल कुठं पळून जाणार आहे?”

दोघींना जायला सांगितलं. रस्त्यानं जवानांनी भरलेल्या गाड्या खाणीकडे निघाल्या होत्या. दोघी कडेकडेनं चालत राहिल्या.

घरात शिरताच आत्यानं दाराला कडी घातली आणि ती मशीनवरचा नवा शर्ट घेऊन ठकीमागोमाग माळ्यावर चढली.

कापडाच्या ताग्यांमागे एक तरुण उघड्या अंगानं पालथा पडला होता. पाठभर पट्ट्याचे वळ उठले होते. उशाला फौजेचा गणवेश चुरगळून पडला होता.

“ऊठ, हा घाल,” ठकी म्हणाली. “पूल मोकळा झालाय.”