इंग्रजी आठ

तिसऱ्या वळणावर मोतीलालनं पुन्हा पाय टेकला.

"फेल," डोमाजी म्हणाला. तो लॉनच्या पायरीवर बसून फुटाणे खात होता.

गोंदिया रोडवरच्या त्या लग्नाच्या लॉनचं पार्किंग सकाळी आठ वाजता रिकामं होतं. हंगाम संपला होता. जमिनीवर चुन्यानं एक मोठा इंग्रजी आठ काढला होता. त्या रेघेवरून, पाय न टेकता, माणसाच्या चालीनं मोटारसायकल फिरवायची. इतकंच. ते मोतीलालला सहा वेळा जमलं नव्हतं.

मोतीलाल लायसन्स काढून देणारा एजंट. बावीस वर्षं आरटीओ ऑफिससमोर टेबल टाकून बसलेला. 'फोटोपुरते या, बाकी मी पाहतो,' हे त्याचं वाक्य लोकांना त्याच्या नावापेक्षा जास्त माहीत होतं. गावाच्या मुदती सांभाळताना त्याच्या स्वतःच्या लायसन्सची मुदत संपून दीड वर्ष उलटलं. आता नव्यानं टेस्ट द्यायची होती, आणि टेस्टच्या जागेवर या उन्हाळ्यापासून कॅमेरे लागले होते. साहेबांशी त्याची ओळख होती. कॅमेऱ्यांशी नव्हती.

"रोज गाडी चालवतो ना भाऊ मी," मोतीलाल म्हणाला. "पडलो का कधी?"

"जोरात असली का गाडी आपल्याआप उभी राह्यते. हळू झाली का माणसाले सांभाळा लागते." डोमाजीनं मलाजखंडच्या खाणीत तीस वर्षं डंपर चालवला होता. तो घाईनं बोलत नसे.

"पन इतकं हळू लागते कुठं?"

"जिथं माणूस मरते, तिथं. बाजूनं ट्रक, पुढं गाय, खाली रस्ता उखडलेला. चला, घ्या. क्लच अर्धा ठेवा. चाकाकडे पाहू नोका, जिकडे जायचं तिकडे पाहा."

मोतीलाल निघाला. पहिला गोल जमला. दुसऱ्यात शिरताना हँडल एकदम जड झालं, जणू पलीकडून दुसरं कोणी ते ओढत होतं. गाडी कलली. त्यानं पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि गाडीसकट चुन्यावर आडवा झाला.

डोमाजी उठला नाही. "पुढचा ब्रेक काहून दाबला?"

"भेव वाटलं."

"हौ. भेव वाटलं का हात तिकडेच जाते. ज्याले शिकवलं नाही, त्या सगळ्याइचा जाते."

तेवढ्यात रस्त्यावर स्कूटीचा हॉर्न वाजला. मोतीलालची पोरगी श्रुतिका नर्सिंगच्या क्लासला गोंदियाला निघाली होती. तोंडाला ओढणी, हेल्मेट डिकीत. बापाला मोटारसायकलखाली पाहून ती खळखळून हसली, एक हात सोडून तिनं टाटा केला, आणि मान मागं वळवून टाटा करतच राहिली. पुढं एक ट्रक चालला होता. त्याच्या मागोमाग ती राजेगावच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

"पोरगी बिनधास्त चालवते," डोमाजी म्हणाला. "तिले येते का आठ?"

"लायसन्स आहे तिच्याजवळ."

"ते मायाजवळबी आहे. तुमीच काढून देल्लं. मी आठ येते का म्हून विचारून राह्यलो."

मोतीलाल गाडीखालीच बसून राहिला. अठराव्या वाढदिवसाला त्यानं ते लायसन्स केकच्या बाजूला ठेवलं होतं. आठ काढावा लागतो म्हणतात ना पापा, असं तिनं विचारलं होतं. बाप कशाले आहे, असं तो म्हणाला होता, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

राजेगावच्या अलीकडे रस्ता खोदून ठेवला होता. कालच तो तिथून गेला होता. एकाच बाजूनं गाड्या सोडत होते, ट्रकच्या चाकांना लागून, गिट्टीवरून. तिथं सगळ्यांना हळू व्हावं लागत होतं.

त्यानं घड्याळ पाहिलं नाही. किती वेळ तसा बसला होता तेही त्याला कळलं नाही. कोपरातून रक्त येत होतं, त्याच हातानं त्यानं खिशातून फोन काढला.

"कोणाले लावून राह्यले?" डोमाजी आता उभा राहिला. फुटाण्याचा पुडा खाली पडला. "नोका लावू! गाडीवर असन थे!"

पण रिंग गेली होती. उचलू नको, मोतीलाल मनातल्या मनात म्हणाला. उचलू नको, माय. पण पोरगी गुणाची होती. बापाचा फोन ती कधीच वाजत ठेवत नसे.

"हां पापा, बोला ना!"

फोन हँडलखालच्या खणात, स्पीकरवर असावा. वाऱ्याचा आवाज येत होता. स्कूटी हळू झाली होती, ते इंजिनावरून कळत होतं. चाकाखाली गिट्टी करकरत होती. आणि ट्रकचा हॉर्न, अगदी जवळून.

थांब म्हणावं, तर ती ब्रेक दाबणार. कोणता, ते आता मोतीलालला माहीत होतं. काही न बोलता फोन ठेवावा, तर काय झालं म्हणून ती चालता चालता परत लावणार. त्यानं तोंड उघडलं. परत मिटलं.

"पापा? तुमचा आवाजच नाही येऊन राह्यला," श्रुतिका ओरडून म्हणाली. "थांबा एक मिनिट, फोन कानाले लावते."